ते आधीपासून ऑटोमॅटिकच होतं

हुमनाबाद,
शनिवार, दुपार

प्रिय मंगे,

आधी शब्द दे. हे पत्र फाडायचं नाही, चुलीत घालायचं नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून अर्ध्यातून उठायचंही नाही. फोनवर हॉस्पिटलचं नाव निघालं की तू फोन ठेवतीस. मागच्या खेपेला मी नुसतं 'आमच्या ब्लडबँकेत' एवढंच म्हणाले, तर तू म्हणालीस आई हाक मारायलीय. आणि मागनं मला त्याच तुझ्या आई, चांगुणामावशी, शेजारणीशी निवांत गप्पा मारताना ऐकू यायल्या होत्या! कामून गं असं करतीस? म्हणून आज कागद घेतला. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला डिप्लोमाच्या दिवसांपासून ठाऊक आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगते. मंगे, त्या दिवशी तू काहीच विसरली नव्हतीस. ती सर्व्हिस तू ऑटोमॅटिकवरच ठेवली होतीस. आता घोटभर पाणी पी आणि पुढचं वाच.

तू मला सगळं एकदाच सांगितलंस, बीदरच्या बसस्टँडवर. मी लग्न होऊन नुकतीच हुमनाबादला आले होते आणि हॉस्पिटलातली तुझी सर्व्हर सांभाळायची जागा रिकामी झाली होती. 'दुसऱ्या कुणापेक्षा तू लाग,' असं तूच म्हणालीस. त्यानंतर तू त्या विषयाला कुलूप घातलंस, पण मला सगळं आठवतं. उन्हाळ्यातली दुपार होती. तू डबा उघडलास, लाइट गेली आणि लगेच आली. तेव्हाची बॅटरी नावालाच होती. सर्व्हर आपला आपण चालू झाला, पंखे फिरले, म्हणून तू चार घास खाऊन घेतलेस. इकडं ब्लडबँकेचा प्रोग्रॅम उघडेना, कारण त्याला माहिती पुरवणारी सर्व्हिस, जी सर्व्हरबरोबर आपोआप उठायला हवी, ती सुरूच झाली नव्हती. आणि नेमकी त्याच वेळी दुबलगुंडीची भागाबाई बाळंतपणाच्या टेबलावर, रक्त थांबेना. पिशव्या फ्रीजमध्ये होत्या गं, पण कुठल्या पिशवीची तपासणी झालीय, कुणाची मुदत सरलीय, ते सगळं त्या प्रोग्रॅममध्ये. डॉक्टरांनी वाट बघितली नाही, तिला गाडीत घालून कलबुर्गीला पाठवलं. तू धावत आलीस, घाबऱ्या हातानं सर्व्हिसच्या यादीत इकडं तिकडं दाबलंस, ती हातानं चालू केलीस. प्रोग्रॅम उघडला तोवर गाडी निघून गेली होती. भागाबाई जगली का गेली हे कळेपर्यंत तू अन्नाला शिवली नाहीस, असं मावशी सांगायच्या.

ती जगली, लेकरू बी जगलं. पण तोवर हॉस्पिटलात सगळ्यांची बोटं तुझ्याकडं वळली होती. हैदराबादहून मशीनवाला आला. त्यानं सगळ्यांसमोर सर्व्हर बंद करून चालू केला, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा सर्व्हिस आपोआप उठली. तो म्हणाला, मशीन ठीक आहे, सर्व्हिस ऑटोमॅटिकवर आहे, म्हणजे त्या दिवशी ती ऑटोमॅटिकवर नसणार, बाईंनी नंतर घाबरून केली असणार. मॅनेजर साहेबांनी तुला विचारलं, आणि तू काय म्हणालीस? 'असेल.' कारण तुला खरंच आठवत नव्हतं, ते आधीपासून तसं होतं का त्या गडबडीत तुझ्या हातनं झालं. दुसऱ्या कुणी असतं तर छाती ठोकून खोटं बोललं असतं. तू 'असेल' म्हणालीस, नोकरी सोडलीस आणि ठाणाकुशनूरला जाऊन भावाच्या दुकानात साबण मोजत बसलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसली गत, आणि इथं संन्यासीच म्हणायला लागला की व्हय, चोर मीच असेन.

मी लागले तेव्हा इथं काय काय ऐकलं ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते, कारण आज त्याचा राग यायच्या ऐवजी हसू येतंय. तुला आठवतंय ना, आपल्याकडं अमावास्येला जशी दुकानांची, गाड्यांची पूजा होते, तशी शंकरप्पा जनरेटरची आणि कॉम्प्युटर खोलीचीही करतात? इलेक्ट्रिशियन माणूस, पण भाव मोठा. मेन बंद करायचं, सगळं पुसायचं, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. तू बौद्ध, पूजेला हात जोडायची नाहीस, दारात उभी राहायचीस, आणि खोबऱ्याचा तुकडा तेवढा मागून घ्यायचीस. तर तुझ्यामागं काही जण म्हणायचे, तिचा पूजेवर विश्वास नाही म्हणून मशीन तिच्या हातात रुसली. तू गेल्यावर साहेबांनी नवी दणकट बॅटरी बसवली, त्यामुळं लाइट गेली तरी सर्व्हर बंद पडायचाच नाही. बंद व्हायचा तो फक्त अमावास्येला, शंकरप्पांच्या हातानं, आणि पूजा झाली की बिनबोभाट उठायचा. झालं! बघा, बाई गेल्यापासून मशीन एकदा तरी अडलीय का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मी दोन-तीन जणांशी भांडले, पण भांडून सिद्ध काय होणार? माझ्याकडं तरी दाखवायला काय होतं?

आता परवाच्या येळवशीचं ऐक. येळवस म्हणजे वेळअमावास्या, तुला माहीतच आहे, गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. शंकरप्पांच्या घरचे भज्जी-आंबील घेऊन केव्हाच शेतात पोचले होते आणि दर घटकेला त्यांना फोन करायले होते. पूजेत माणसाचं अर्धं लक्ष रानातल्या खोपीकडं. एरवी ते एकेक वस्तू पुसून तिचं तिचं बटण दाबतात. आधी देवाच्या कोपऱ्यातला तो काळा डबा, ज्यात सगळा डेटा असतो, मग बाकीचं, आणि सर्व्हर सगळ्यात शेवटी, थोरला म्हणून. या वेळी त्यांनी बटणं बंद केलीच नव्हती. बॅटरीच्या पुढचं, खोलीचं मेन पाडलं, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मेन वर केलं. सगळं एकदम जागं झालं. आणि ब्लडबँकेतून हाक आली, प्रोग्रॅम उघडेना. पूजेच्या आधी पिशव्यांची यादी कागदावर काढून ठेवायची पद्धत तुझ्या प्रकरणानंतर सुरू झाली, म्हणून कुणाचं अडलं नाही. पण मी तशीच सर्व्हरकडं धावले.

सर्व्हिसची यादी उघडली. मंगे, मी कशालाही हात लावला नाही, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले आणि नुसतं वाचलं. सुरू होण्याची पद्धत: ऑटोमॅटिक. आत्ताची स्थिती: बंद. ऑटोमॅटिक असूनही बंद! मी तिथंच रडायला लागले. शंकरप्पांना वाटलं माझ्या घरून काही वाईट बातमी आली. मी डोळे पुसले आणि त्यांना म्हटलं, पुन्हा मेन पाडा. माणूस दचकलाच. पूजा झालेली, येळवशीचा दिवस, घरचे वाट बघायलेत. पण मी तुझं नाव घेतलं, तशी त्यांनी कुंकवाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "अक्का, पूजा झाल्यावर बंद करू नये म्हनत्यात. पर त्या पोरीसाठी करतो, देव समजून घेईल." मेन पाडलं, वर केलं. सर्व्हिस बंदच. मग एकेक बटण दाबत त्यांच्या नेहमीच्या रीतीनं चालू केलं. सर्व्हिस उठली. पुन्हा सगळं एकदम: बंद. माणूस भुकेला होता, पण नंतर त्यालाच चेव चढला.

गोम अशी आहे. सर्व्हर चटपटीत आहे आणि तो डेटाचा डबा सुस्त, जागा व्हायला त्याला चहा उकळेपर्यंत वेळ लागतो. दोन्ही एकदम चालू झाले की सर्व्हिस आधी उठते, डब्यात डेटा शोधायला जाते, डबा अजून झोपेत. नवी सून भल्या पहाटे चहाला उठावी आणि दूधवालाच आलेला नसावा, तसं. ती एकदा बघते, आणि परत जाऊन झोपते ती झोपतेच. हैदराबादवाल्यानं तीनदा नुसता सर्व्हरच बंद-चालू केला, डबा चालूच होता, मग उठणार नाही तर काय होईल? लाइट जाते तेव्हा डबाही जातो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि आता तू म्हणशील, मग मला तरी ते कळायला हवं होतं. म्हणशीलच तू, मी ओळखते तुला. तर ऐक, तू सगळं मांडलंस ते जुन्या मशीनवर, आणि ती म्हातारी इतकी हळू उठायची की तोवर डबा जागा झालेला असायचा. नवी मशीन त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यानं आणून बसवली होती. तुझं सेटिंग त्यानं जसंच्या तसं घेतलं, म्हणजे ऑटोमॅटिक. मी आता सर्व्हिसला सांगून ठेवलंय की जरा थांबून उठ, आणि पडलीस तर पुन्हा प्रयत्न कर. नंतर मेन कितीदा पाडून बघितलं, दर वेळी उठली. मला इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू, मी शंकरप्पांच्या पायाच पडले, पूजा राहिली बाजूला.

तिथून उन्हं कलता कलता दुबलगुंडीला सासरच्या शेतात पोचले. भज्जी गार झाली होती, सासूबाई फुगल्या होत्या, ते असू दे. शेजारच्या बांधावर भागाबाईचंच रान आहे हे तुला माहीत नसेल. तिची पोरगी आता हरभऱ्यात लोळत फिरते, तोंडभर खीर माखून. मी ज्वारीचा उंडा हातात घेऊन तशीच बांधावर गेले आणि भागाबाईला सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत. तिला डबा-सर्व्हर काय कळलं कोण जाणे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती पोरगी अजून बी तेच घेऊन बसलीय व्हय? मी म्हटलं, हो. तर म्हणाली, "तिला म्हणावं, मी जित्ती हाव, माझी लेक बी जित्ती हाय. मी तिच्यावर कधीच राग धरला न्हाई. तू कामून धरून बसलीस म्हणावं." तुझ्या वाटणीची खीर तिनं मलाच खायला लावली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांना खोलीत आणलं आणि जुनं सेटिंग घालून, त्यांच्याच हातानं मेन पाडायला लावलं. सर्व्हिस बंद राहिली. नवं सेटिंग घातलं, पुन्हा पाडायला लावलं. उठली. त्यांनी आपल्या मनानं आणखी एकदा पाडून बघितलं. मग स्टाफच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, "मंगलबाईंची चूक नव्हती. मी नीट न बघता त्यांच्यावर ढकललं, ही चूक माझी." पूजेचं बोलणारे दोघं तिथंच बसले होते, चहाच्या कपात डोकं घालून. मला इतकं बरं वाटलं! मी साहेबांना म्हटलं, तिला परत बोलवा, मी बिलिंगला बसते. ते तयार आहेत. पण तू यायची नाहीस, आणि खरं सांगू, मला वाटतं येऊही नये. जिथं 'असेल' म्हणायला लागलं तिथं माणसानं कामून परत जावं? म्हणून मी त्यांच्याकडनं दुसरंच मागितलं, तुझा अडवून ठेवलेला अनुभवाचा दाखला. तो सोबत जोडलाय, सहीशिक्क्यानिशी, आणि त्यात 'काम उत्तम' असं लिहिलंय.

आता आजच लिहायची घाई कामून, ते सांगते. तुझे प्रेमानंददादा सकाळी दुकानाचा माल भरायला आले होते, त्यांनी सांगितलं. बीदरच्या कॉलेजातनं तुला सर्व्हर सांभाळायच्या जागेसाठी सोमवारी मुलाखतीला बोलावलंय, आणि तू जाणार नाही म्हणतीस. माझ्या हातात कुणी मशीन देऊ नये, असं म्हणालीस म्हणे. सांगताना दादांचे डोळे भरले गं, एवढा दांडगा माणूस. ते खाली टेम्पोत बसलेत, हॉर्न वाजवायलेत, हे पाकीट त्यांच्याच हातनं पाठवतेय. सोमवारी पहिल्या गाडीनं जा. घाबरत जायचं असेल तर घाबरत जा, पण जा. तिथं ते विचारतीलच, आधीची नोकरी कशामुळं सोडली. तेव्हा मान खाली घालू नकोस, आणि 'असेल' म्हणू नकोस. काय झालं ते सांग. आता तुला ते माहीत आहे.

तुझीच, आणि सोमवारी गेली नाहीस तर तुझ्याशी भांडायला ठाणाकुशनूरला येणारी,
रेणुका