चायग्लुकच्या जुड्या आणि आई

२ सप्टेंबर

आईला घरी आणलं. आणलंच!

एवनने बेथेलच्या इस्पितळापासून धक्क्यापर्यंत पाठ सोडली नाही. सख्खा धाकटा भाऊ, बेथेललाच राहतो, पण परक्यासारखा बोलत होता. अर्धं अंग गेलेल्या बाईला होडीतून नेतेस, वाटेत काही झालं तर? डॉक्टरांचंही तेच – इथेच राहू दे, वेळ लागेल. उन्हाळाभर वेळच लागतोय! आई भिंतीकडे बघत पडून. एक शब्द नाही.

शेवटी एवन म्हणाला, "ताई, तिचं काही बरंवाईट झालं तर तुझं तोंड बघणार नाही."

"नको बघूस," म्हटलं, आणि इंजिनाची दोरी ओढली.

४ सप्टेंबर

मागच्या उतारावर चायग्लुक अजून हिरवा आहे. दोन हात भरून कापला. पानांची पाठ पांढरी, चुरगळली की तोच कडू, उग्र वास. शाळेतली बाई याला घाणेरडं गवत म्हणायची, आमच्या अंगाला वास आला की खिडकी उघडायची. उघडू दे.

वाफ घेताना अंगावर मारायला जुड्या बांधून ओसरीत टांगल्या. आईने मान वळवली. वासामुळेच. मी बघितलं ना!

५ सप्टेंबर

मात्रोना मावशी आली. आई आणि ती लहानपणापासून एकत्र वाफ घेतात. आईच्या कानाशी जाऊन म्हणाली, "ऊठ गं आळशे, तू नाहीस तर माझी पाठ कोण झोडणार?" आणि मग ओसरीत जाऊन रडली.

गावच्या दवाखान्यातली ॲना रक्तदाब बघून गेली. वाफ नकोच म्हणाली. मी ऐकत नाही म्हटल्यावर म्हणाली, मग दार उघडं ठेव, आणि मला हाक मार. भली मुलगी.

६ सप्टेंबर

नेलं. मी आणि मावशीने उचलून वाफघरात बसवलं. दगड जेमतेम तापवले, पाणी थोडंच ओतलं. जुडी कोमट पाण्यात बुडवून आईच्या मेलेल्या उजव्या खांद्यावर हळूहळू मारत राहिले. किती वाळलीये! लहानपणी हीच मला न्हाऊ घालायची.

काही झालं नाही. पण गाढ झोपली.

८ सप्टेंबर

एवनला कळलं. दोन्हीकडून बोलायच्या रेडिओवर आला, घरोघरी सेट चालू असताना! वाफेत घालून आईला मारणार आहेस का, म्हणून सगळ्यांसमोर विचारलं.

मी म्हटलं, "उद्याही नेणार." सेट बंद केला. अजून बंदच आहे.

११ सप्टेंबर

आईला ताप. मासळीचं पाणी पाजलं तेही ओठांतून गळलं. ॲना दोनदा येऊन गेली. बेथेलला एवनला कळवू का म्हणाली. नको म्हटलं. माझं तोंड बघायचं नाही ना त्याला!

१२ सप्टेंबर

ताप तसाच. वाफ नाही. भीती वाटते. पण हे कुणाला सांगणार नाही.

१४ सप्टेंबर

उतरला. सीलच्या तेलात बुडवलेला वाळक्या माशाचा तुकडा चघळला. मावशी म्हणाली, "दात शाबूत आहेत, म्हणजे बाई शाबूत आहे."

१७ सप्टेंबर

आज वाफेत आईने डाव्या हाताने माझ्याकडून जुडी ओढून घेतली. स्वतःच मारायला लागली त्या खांद्यावर. जोरात! पानं उडाली, आमच्या तोंडावर चिकटली. मावशी हसता हसता बाकावरून घसरली.

माझ्यामुळे. हो, लिहून ठेवते – माझ्यामुळे. डॉक्टरांमुळे नाही, एवनमुळे तर नाहीच. आता बोलेल. पहिला शब्द माझं नाव असेल, बघाच. लेना.

२० सप्टेंबर

आई बोलली. दगडांवर पाणी ओतत होते, पाठीमागून जड, तुटक आवाज आला, "एवन… कुठाय?"

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. मी ओल्या अंगाने घरात गेले, सेट चालू केला. सगळं गाव ऐकत असणार. ऐकू दे. म्हटलं, "एवन, मी लेना. ये रे. ती तुलाच विचारतेय."