केबिनमधली उत्तरं

ता. ६

चि. बबडीस,
अ. उ. आ.

निवडणुकीचा निकाल ऐकून हबकलोच आहे. सरकार आरामात परत येणार, असं मीच आमच्या वाहिनीवर छातीठोकपणे सांगितलं होतं. ते पार आडवं झालं! आज कचेरीत शिरताच साहेबांनी बोलावून बजावलं, की शुक्रवारपर्यंत या निकालाचं कारण आणा, नाहीतर सर्वेक्षणाचं खातंच बंद. म्हणजे मी घरी.

तुझ्या शिलाई कारखान्यात तर मी स्वतः आलो होतो. सगळ्या बायका सरकारच्याच बाजूने बोलल्या, तूसुद्धा. मग आयत्या वेळी झालं काय? कुणी अफवा उठवली का? हातातलं काम टाकून लिही.

तुझ्या पायांची सूज उतरली का, असं वहिनी विचारते आहे. मला हसू नकोस, एवढं केलंस तरी पुष्कळ.

तुझा चक्रावलेला
दादा

ता. ९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आयत्या वेळी काही झालं नाही रे. कामाचे तास वाढवायचा कायदा आला तेव्हाच प्रत्येकीचं मनातल्या मनात ठरलं होतं. घरी पोचते तेव्हा पोरं झोपलेली असतात. पण तू विचारलंस कुठे? सुपरवायझरच्या केबिनमध्ये, त्याचाच चहा पीत, आणि तो दारात उभा! तिथे खरं बोलायला आम्ही काय वेड्या आहोत?

खरी गंमत पुढेच. उलट मत देणारी मी एकटीच, असं मला वाटत होतं. रेडिओवर निकाल लागला आणि मशिनी थांबल्या. शेजारची माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. काजं करणारी मावशी आधी हसली, मग रडायलाच लागली. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच!

तुलाही थापच मारली, राग मानू नकोस. तू दुसऱ्याला बोलू कुठे देतोस? एकदा वहिनीला विचारून बघ. आधी आपलं मत सांगू नकोस आणि ती बोलेपर्यंत तोंड मिटून बस. जमेल?

पाय तसेच आहेत, वाढीव तास मशिनीवर बसून सूज उतरणार कशी? रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझी
बबडी

ता. १३

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं म्हणणं साहेबांना लिहून दिलं. आता पुन्हा विचारायला निघायचंय, लोकांच्या घरी, एकेकट्याला गाठून. नोकरी तूर्त वाचली.

वहिनीलाही विचारलं, मत कुणाला दिलंस? ती भांडी विसळत होती. घरात आम्ही दोघंच. नळ बंद करून तिने विचारलं, की हे तुम्ही विचारताय की सर्वेक्षणवाले? मी म्हटलं, मीच. तर म्हणाली, मग तुम्ही दिलं त्यांनाच.

तुझी आज्ञा आठवून गप्प बसलो. जरा वेळाने म्हटलं, बरं, सर्वेक्षणवाले विचारतायत असं समज. तशी हात पुसून समोर येऊन बसली. म्हणाली, सरकारच्या विरोधात दिलं. बबडीचे सुजलेले पाय बघितले तेव्हाच ठरवलं होतं. बबडे, ते पाय मीही बघितले होते गं.

निकालानेही एवढा हादरलो नव्हतो. कारण उठताना ती हळूच म्हणाली, की आमच्या ह्यांना मात्र कळू देऊ नका.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
दादा