तीस पावलं बांध

३ ऑगस्ट, रविवार

दादूस सकाळी देवळासमोर येऊन ओरडून गेला. "माझ्या वाट्याच्या बांधाला भोक पडलाय. चिंबोरीचं बीळ होतं, आता अख्खा हात जातो आत. अमावशेच्या उधाणाला टिकणार नाय. माणसं द्या."

देवळात बारा-पंधरा जण. पत्ते चालू. एकानं मान वर केली नाही. नाना, आमच्या गावकीचा अध्यक्ष, पानं पिसत बोलला, "कुत्रा भुंकतोय वाटतं कुठं." सगळे हसले. आमचे हेही हसले. मी समोर नळावर हंडा भरत होते. मीही पदर तोंडाला लावला. हसू आलं नव्हतं, पण न हसणारी मी एकटी दिसले असते.

माझा सख्खा थोरला भाऊ. थू माझ्यावर.

४ ऑगस्ट, सोमवार

लिहून ठेवते. नाहीतर पुढे आम्हीच म्हणू की असं काही झालंच नव्हतं.

पाच वर्षं गावात दोन पक्ष. वरली आळी एका पक्षाची, खालची दुसऱ्या. एकमेकांच्या लग्नाला जायचं नाही, किराणासुद्धा आपापल्या दुकानातून. पालखीत डोकी फुटली. मग शिमग्याच्या आधी दोन्हीकडचे पुढारी अलिबागहून एकाच गाडीतून आले. देश आधी, पक्ष नंतर, गावात एकी करा, सरपंच बिनविरोध द्या. दोन्ही आळ्यांचे म्हातारे एका बशीतून चहा प्याले. बायका रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

दादूस तेवढा बोलला, "निवडणूक हाय ना, मग निवडू द्या की लोकांना." ना ह्या पक्षाचा ना त्या. अर्ज भरला आणि मागे घेतला नाही. पडला ते पडलाच, वर एकी मोडली म्हणून घर वाळीत. त्या घराशी बोलायचं नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही, मयतालाही जायचं नाही. जो बोलेल तो त्यांच्यात. ठराव आमच्या ह्यांच्या अक्षरात. वाळीत टाकणं गुन्हा आहे हे ह्यांना ठाऊक, म्हणून वर मथळा घातला, "गावातील एकोप्याबाबत". अक्षर मात्र मोत्यासारखं.

मे महिन्यात घरटी एक माणूस निघाला आणि खारबांध दुरुस्त झाला, दरवर्षी होतो तसा. दोन्ही आळ्या पहिल्यांदा एकत्र, फोटोबिटो. दादूसच्या हद्दीपर्यंत अलीकडून आले, हद्द संपली तिथून पलीकडे पुन्हा सुरू केलं. मधली तीस पावलं सोडली. काय तर म्हणे, "तो त्याचा बांध." अरे गाढवांनो, समुद्राला घातलेला बांध एकट्याचा असतो होय? पाणी काय हद्दीचा दगड बघून आत येणार?

हे मी इथं लिहिते. ह्यांच्यासमोर बोलत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

माझ्या अंगणवाडीत आज मुलांची वजनं घेतली. दादूसची नात जुई, साडेचार वर्षांची, वजन कमी भरलं. त्यांना गावातला दूधवाला दूध घालत नाही.

तिची सतरंजी मी दाराजवळ टाकते. दोन आयांनी सांगितलंय, आमची पोरं तिच्या शेजारी नकोत. मी जुईला सांगितलं, तिथं वारा लागतो छान. पावसाळ्यात वारा! पण ती शहाणी मुलगी, मुकाट बसली. पूर्वी मला आत्याबाय म्हणायची. हल्ली बाई म्हणते. घरी शिकवलं असणार. बरोबर शिकवलं.

संध्याकाळी ह्यांना भोकाचं बोलले. हे जेवत होते. "तुला त्यांच्यात जायचंय काय? जा. पण मग इथलं पाणी पिऊ नकोस." वर बोलले, "कालवण आळणी झालाय." मीठ मुद्दाम कमी घातलं नव्हतं. आता वाटतं घालायला हवं होतं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. सव्वीस वर्षं चुकली नाही, लग्न ह्याच गावात, माहेर पाच घरं सोडून. पाकिटात राखी घेऊन निघाले. दादूस ओट्यावर बसलेला, अंघोळ करून, पांढरा सदरा. बाजूला वयनीनं ताट काढून ठेवलेलं, वर पेपर झाकलेला. समोरच्या ओट्यावर नानाची सून तांदूळ निवडत होती. नव्हे, मला निवडत होती.

मी चाल कमी केली नाही. छत्री आडवी धरली आणि सरळ गेले. पाऊस नव्हता.

राखी मिसळणीच्या डब्यात ठेवलीय, जिऱ्याच्या वाटीखाली. तिथं हे कधी हात घालत नाहीत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पंधरा ऑगस्टची तालीम. माझीच कल्पना, मुलांची एकीची साखळी. हातात हात धरून सगळी झेंड्याभोवती फिरणार आणि "आम्ही सारे एक" ओरडणार. नाना खूश. "बाई, ह्या वेळी पेपरात येऊ दे."

जुईचा हात कोण धरणार? खालच्या आळीतली एक आई दारातच उभी. "बाई, आमच्या सोनूच्या बाजूला ती नको." वरल्या आळीची दुसरी लगेच, "आमच्याही." बघा, ह्या दोघी गेल्या वर्षी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या.

मग मला सुचलं. कशी सुचते मला ही अवदसा. जुईच्या दोन्ही हातांत एकेक झेंडा दिला. दोन्ही हात भरलेले, म्हणजे कुणाचा हात धरायला नको. साखळीच्या मधोमध उभी केली, दोन्हीकडे जागा सोडून. ती इतकी आनंदली. "बाई, मला दोन?" सगळ्यांना एकच होता ना.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा वर गेला. नानाचं भाषण, देशात फूट पाडणारे, त्यांना थारा नको, आमच्या गावानं अख्ख्या तालुक्याला एकी शिकवली. टाळ्या. प्रतिज्ञा मी माईकवर म्हणून घेतली. सारे बांधव वगैरे. आवाज खणखणीत लागला, सगळे बोलले.

दादूस गेटाबाहेर रस्त्यावर उभा होता. आत यायला बंदी. झेंड्याला सलाम करून तसाच ताठ, पायात चप्पल नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. पहाटेच्या ओहोटीला बांधावर होता, तिथूनच आलेला. दोघंच नवराबायको माती लावतात, उधाण आलं की निम्मी वाहून जाते.

साखळी फिरली. जुई दोन झेंडे हलवत मधे एकटीच. फोटोत छान आलीय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हे लिहायला नको. लिहिते.

जुईला न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलं गेली, तीन-चार आया दारात गप्पा मारत. जुई माझ्याजवळ येऊन सगळ्यांसमोर बोलली, "बाई, आजोबा विचारतात, रिकाम्या गोणी हायत काय. मातीला पायजेत."

आहेत. खाऊच्या धान्याच्या चाळीस-एक गोणी, धुऊन, घडी घालून, मागच्या खोलीत. मीच धुतल्यात. मातीनं भरून त्या भोकाच्या तोंडाशी रचल्या असत्या तर दोन माणसांनाही निभलं असतं. हे मला कळतं. बापूस असाच बांधायचा, आम्ही दोघं भावंडं गोणीचं तोंड धरायचो.

आया गप्पा सोडून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी बोलले, "नाहीत."

जुईनं मागच्या खोलीकडे बघितलं. तिला माहीत आहे. लपाछपीत ती त्याच गोणींच्या मागे लपते. दप्तर घेतलं आणि गेली.

२३ ऑगस्ट, शनिवार. अमावास्या.

साडेबाराला गेला बांध.

आवाजबिवाज काही नाही. लोक म्हणतात ना धडाड झालं, तसं काही नाही. मी ओट्यावर होते. शेतातले बगळे एकदम उठले. मग बघितलं तर हिरव्याच्या जागी राखाडी. भोकाची पंधरा हात खांड झाली. दादूसचं शेत पहिलं गेलं, मग नानाचं, मग आमचं, मग देवळामागची सगळी खाचरं. लावणी होऊन महिना झालेला. वरल्या आळीची, खालच्या आळीची, सगळ्यांची भातं खाऱ्या पाण्यात. आता दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात नाही.

नानाची सून कपाळ बडवत बसली होती. माझ्या मनात आलं, निवड आता तांदूळ. किती वाईट आहे मी. आमचंही गेलंय तरी आलं मनात.

दादूस बांधाच्या तुटक्या टोकावर उभा दिसत होता. हातात फावडं. लांबून कळत नव्हतं कुठं बघतोय.

२४ ऑगस्ट, रविवार

देवळात बैठक. बायका बाहेरून ऐकत होतो. मला वाटलं होतं, आता तरी. आता तरी कुणी म्हणेल की बाबांनो, आपली चूक झाली, ती तीस पावलं सोडायला नको होती.

नाना बोलला, "त्यानं मुद्दाम फोडला. सूड घेतला गावावर." एकजण ओरडला, "देशद्रोही हाय तो!" समुद्राचं पाणी शेतात आलं तर देश कुठं मधे आला, पण कुणी विचारलं नाही. वरल्या आळीचे, खालच्या आळीचे, सगळे हात एकदम वर. एकही खाली नाही. पाच वर्षांत हे देवळात कधी झालं नव्हतं. बाहेर आल्यावर हे सांगत होते, डोळ्यांत पाणी ह्यांच्या, "काय एकी, सुले! बघायला पायजे होतीस." दादूसच्या घरानं गाव सोडावं, गणपती झाल्यावर. ठराव ह्यांनीच लिहिला.

मग नाना बाहेर येऊन मला बोलला, "बाई, अंगणवाडीत रिकाम्या गोणी असतील ना? उद्या खांड बुजवायला लागतील."

मी बोलले, "आहेत. चाळीस."

"वा! गावासाठी बाई नेहमी पुढं."

जुईची आई तिथून पाण्याची कळशी घेऊन चालली होती. थांबली नाही. पण ऐकलंन.

२५ ऑगस्ट, सोमवार

घरटी एक माणूस. ह्यांची कंबर धरलीय, म्हणून मी गेले. ओहोटी सातला, भरती दीडला, मधल्या वेळात बुजवायची. साठ-सत्तर माणसं, वरली आळी खालची आळी मिसळून. माती भरलेल्या गोणी हातोहात पुढं.

पण खांडीच्या तोंडाशी पाय ठेवायला कुणी तयार नाही. तिथं ओढ असते, आणि पहिला थर कसा बसवायचा ते ठाऊक असलेले दोघंच होते गावात. एक बापूस, तो मेला. दुसरा दादूस.

तो आधीपासूनच तिथं उभा होता. कंबरेएवढ्या पाण्यात. कुणी बोलावलं नव्हतं. काल ज्याला गावातून काढायचं ठरलं, तो गावाची खांड बुजवायला उभा. नानानं बघितलं आणि तोंड फिरवलं. चालवून घ्या, असा त्याचा अर्थ.

साखळी सुरू झाली. दादूसच्या शेजारी कोण उभं राहणार? जो तो एक पाऊल मागे. मागे सरत सरत जागा उरली ती माझी.

पहिली गोणी माझ्या हातात आली. अंगणवाडीचा निळा शिक्का वर. मी पुढं धरली. दादूसनं शिक्का वाचला. सावकाश वाचला. मग माझ्याकडे बघितलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

बोलला, "खाली ठेवा बाई. माझ्या हातात दिलीत तर वाळीत पडाल."

सुले नाही. ठेव नाही. ठेवा.

मी ठेवली. त्याच्या पुढ्यात, चिखलात. त्यानं वाकून उचलली आणि बसवली. दुसरी आली. ती पण खाली ठेवली. त्यानं उचलली. असंच चाळीस वेळा. बासष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वेळा वाकला. साखळी कुठं तुटली नाही. मागच्यांना कळलंसुद्धा नाही. नाना बांधावरून ओरडत होता, "शाब्बास! अशी एकी पायजे देशात!"

जुईसारखं झालं हे. फरक एवढाच, तिला मी झेंडे तरी दिले होते.

दीडला भरती आली. खांड अर्धी बुजलीय. उरलेली उद्या, घरोघरच्या गोणी गोळा करून.

२६ ऑगस्ट, मंगळवार. पहाट.

उद्या गणपती. मखर अजून तसंच. ओहोटी पावणेआठला आहे, त्याच्या आत पोचायचं.

हे जागे झालेत. "तू त्याच्या शेजारी होतीस म्हणे. बोललीस काय त्याच्याशी?" खरं तेच सांगितलं, नाही बोलले. "मग ठीक. पण आज मी जातो. कंबर बरी हाय." मी बोलले, मीच जाणार. सव्वीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते.

राखी जिऱ्याच्या वाटीखालून काढली. जिऱ्याचा वास लागलाय तिला. ब्लाउजात ठेवलीय. बांधेन की नाही ठाऊक नाही, तेवढी हिंमत आहे की नाही तेही ठाऊक नाही. पण गोणी खाली ठेवणार नाही. हातात धरून उभी राहीन. मागून कितीही बोंबलू देत, साखळी थांबली तर थांबू दे, भरती आली तर येऊ दे. आणि आवाजानं सांगेन सगळ्यांना, गोणी होत्या, मीच नाहीत म्हणून सांगितलं.

त्यानं तरीही हात पुढं केला नाही तर