अहाब आणि आमचे व्याही

३ नोव्हेंबर, सोमवार
कबरस्तानात जेसीबी! कडेची बाभळ आडवी, कुंपण मोडलेलं. पुष्पाच्या कबरेला चाक घासून गेलंय. ड्रायव्हर म्हणतो, "मला काय म्हायती? बन्सीभाऊंनी सांगितलं."

बन्सीभाऊ म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांचे अध्यक्ष. आणि माझे व्याही! शिर्डीच्या लॉजवाल्याला गाड्या लावायला जागा पाहिजे, म्हणून आमचं कबरस्तान द्यायचा ठराव केलाय. हाडं उकरून ओढ्याकडेला नेणार म्हणे. माझ्या बायकोची हाडं!

४ नोव्हेंबर
त्यांच्या घरी गेलो. "पाव्हणं, जित्या मानसांचं बगा. मेल्याला काय कळतंय?" वर हसले. चहा अश्विनीनं आणला. माझी पोर, पण नवरा रविराज शेजारी बसलेला, सासरा समोर — मान वर केली नाही. चहा तसाच ठेवून उठलो.

पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करू." म्हणजे काहीच करायचं नाही.

७ नोव्हेंबर
बन्सीभाऊंचा निरोप — हंगामाच्या सणाला, सुगीच्या उपकारस्तुतीला, कीर्तन तुमचंच. दाविदाचं लावा, लोकांना आवडतं.

लावतो की! दाविदाचं नाही, अहाबाचं. राजाला नाबोथाचा मळा हवा झाला. बापजाद्यांचं वतन, तो देईना. मग राणीनं खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचलं, मळा राजाचा. आणि मग एलीया संदेष्टा येऊन तोंडावर सांगतो — नाबोथाचं रक्त कुत्र्यांनी चाटलं तिथंच तुझंही चाटतील. बसू देत पहिल्या रांगेत!

९ नोव्हेंबर, रविवार
उपासनेत दानाचं ताट घेऊन बन्सीभाऊच फिरले. पांढराशुभ्र सदरा. मी डोळे मिटून मागितलं — देवा, या माणसावर एलीयाचा शब्द येऊ दे. हल्ली रोज एवढंच मागतो. दुसरी प्रार्थना सुचतच नाही.

१२ नोव्हेंबर
घसा बसलाय. आल्याचा काढा. कीर्तन होणार म्हणजे होणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
सण झाला. देवळात वेदीपुढं ऊस, भोपळे, मका, बाजरीची पोती — लिलावाआधीची नेहमीची रास. पूर्वरंग गोड गायलो. उत्तररंगात अहाब काढला. नाव कुणाचं घेतलं नाही, पण 'मळा' म्हटलं की सगळ्या माना बन्सीभाऊंकडे. बरं वाटलं!

कुत्र्यांपाशी थांबलो. वडीलही हे आख्यान तिथंच थांबवायचे, शेवटाला जोर येतो. पण पुढच्या चटईवरून म्हातारी बनुबाई ओरडली, "आरं, पुढलं सांग की! त्येनं गोनपाट नेसल्यालं ऱ्हायलं न्हवं!" झक मारत सांगावं लागलं. अहाबानं कपडे फाडले, गोणपाट नेसलं, उपास धरला. देवाला दया आली, त्यानं अरिष्ट पुढं ढकललं. एवढ्यावरच मिटवलं आणि भजन उचललं.

तर बन्सीभाऊ उठले! राशीतलं रिकामं पोतं उचलून खांद्यावर घेतलं, सगळ्यांदेखत गुडघे टेकले. "चुकलं माझं. ठराव रद. कबरस्तानाला हात लावनार न्हाई." बाया रडल्या. पाळकसाहेबही रडले. नाटकी लेकाचा! माझं अख्खं कीर्तन त्यानं पोत्यात घातलं.

पुष्पा जागची हलणार नाही. मला आनंद व्हायला हवा. झाला नाही. मला कुत्री हवी होती.

१७ नोव्हेंबर
सकाळी अश्विनी आली, रविराजच्या गाडीवर. किती दिवसांनी पोर मोकळी हसली! "पप्पा, आता तरी राग सोडा. तुम्ही आजोबा होणार." रविराज वाकून पाया पडला. मी दोघांना जेवू घातलं. बन्सीभाऊंना मात्र फोन केला नाही. एवढ्यानं काय फिटतंय? अजून मागणारच आहे मी देवाकडे.

१८ नोव्हेंबर
अहाबाच्या गोणपाटापुढलं वचन आज नीट वाचलं. वडिलांनी कधी म्हटलं नाही, मीही परवा गिळलं. अरिष्ट अहाबाच्या हयातीत नाही. त्याच्या मुलाच्या दिवसांत, मुलाच्या घरावर.

देवा, माझी एकही प्रार्थना ऐकू नकोस!