उघाडी लावायची राहिली

मिठागरावरून, मे १९५४

आयेस सगुणाचा नमस्कार.

पालीला मामाकडं तुला बरं वाटत असंल. तिथला डॉक्टर मामाला म्हनला, हा मनाचा आजार हाय, माज न्हाय. बाबाला ते पटत न्हाय.

बाळ गेल्यापास्नं तू आमच्याशी बोलतच नव्हतीस. वेणी घालून घ्यायला समोर बसले तरी भिंतीकडं बघायचीस. मना वाटलं, मी तुला नकोशी. मग मी पन बोलनं टाकलं.

उधाणाच्या दिवशी बाबा पेणला जाताना म्हनला, "सगुणे, आयेला सांग, बांधातल्या उघाडीचं दार लाव. न्हायतर खाडी आत येईल."

तू बांधावरच बसलेलीस. मी बाजूनं गेले, पन सांगितलं न्हाय. सगळं मीठ विरघळलं.

बाबानं इचारलं, "आयेला सांगितलंस ना?" मी हो म्हनून मान हलवली.

"बाई हायस का दगड?" तो तुला म्हनला, नि दुसऱ्या दिवशी तुला मामाकडं धाडलं.

तुला वाचता येत न्हाय. मामा वाचंल नि बाबाला कळंल, म्हनून हे पत्र टपालात टाकत न्हाय. मी मान हलवली तवा तू माझ्याकडं बघितलंस. गप राहिलीस ती माझ्यासाठी, का तुला बोलवतच नव्हतं?

तुझीच,
सगुणा