हळद नसलेलं कार्ड

बिरसी, जि. गोंदिया
१४ ऑक्टोबर २०१२

प्रिय पिंटूदादा,

नमस्कार. तू आणि मावशी बरे असाल. इकडे हलकं धान कापणीला आलंय, भारी धानावर तुडतुडा पडलाय, आईचा गुडघा आहे तसाच आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "काय गं विमानवाली" म्हणतोस, मी हसते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. आज मला हसायचं नाही.

तू जोडून दिलेला पीसी अजून अडकतोच. गेममधलं विमान उडतं छान, पण उतरायला लागलं की चित्र थांबतं, आणि पुन्हा हलतं तेव्हा विमान धावपट्टी सोडून कुणाच्या तरी शेतात. आमच्या डोक्यावर इथल्या पायलटांच्या शाळेची खरी विमानं दिवसभर घिरट्या घालतात, त्यातलं एकही कधी असं वागलं नाही.

तू सांगितलंस ते सगळं केलं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, तीनदा. विंडोज नवीन टाकली. सेटिंग इतक्या कमी केल्या की झाडं म्हणजे नुसते हिरवे ठोकळे. तरी तेच. तेव्हा तू म्हणालास, "मशीन एकदम मस्त आहे. तुझ्या बोटातच लॅग आहे." मी खरंच स्वतःला बावळट समजले, दादा.

मग तू म्हणालास, विहिरीवरची मोटर चालू असली की तुमच्या घरचं व्होल्टेज पडतं, ग्राफिक कार्डाला जोर मिळत नाही. ते ऐकून मी बाबांवर ओरडले. "तुमच्या मोटरीनं माझ्या पीसीचं वाटोळं केलं," असं बोलले. दुसऱ्या दिवसापासून मी बसले की ते मोटर बंद करून माझ्या मागे स्टुलावर येऊन बसायचे. "मोटर बंद केलो व बाई, आता उतरव." त्यांना विमानातून आपलं वावर बघायचं होतं. गेम थांबला की हळूच विचारायचे, "आता काऊन अटकून राहिलं?" सप्टेंबरात पावसाने दडी मारली तरी त्यांनी हा नेम मोडला नाही. घरामागची धानाची बांधी पाण्यावाचून ऐन निसवताना भेगाळली. निम्म्या लोंब्या पोचट आहेत.

परवा मी कॅबिनेट उघडलं. सील तुटेल, उघडू नको, असं तू बजावलं होतंस; पण आतली खडखड ऐकवेना. पोळ्याला तू पीसीच्या पार्टांचे सगळे डबे घेऊन आलास, तेव्हा नवीन वस्तू म्हणून आईने एकेक पार्ट बाहेर काढायला लावून हळदीचं बोट लावलं होतं. "मावशी, शॉर्ट होऊन जाईन ना!" म्हणत तू तिचा हात धरत होतास. तरी कडेला, पत्र्यावर, जमेल तिथे तिने लावलंच. मग तू सगळं जोडायला नागपूरला नेलंस. परवा पाहिलं तर मदरबोर्डाला हळद, हार्डडिस्कला हळद, पॉवर सप्लायला हळद. ग्राफिक कार्ड कोरं, आणि त्याच्या पंख्याची एक पाती तुटलेली. ते कार्ड मी उन्हाळ्यात तुझ्याच पीसीत पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात तू सांगितलंस, तुझ्याकडे आता सगळ्या सेटिंग फुल ठेवून गेम पळतो. मला आनंद झाला होता. त्या आनंदाचाच आता सगळ्यात जास्त राग येतो. कार्ड मागितलं असतंस तर दिलं असतं, रडत का होईना. पण दोन महिने तू मला ड्रायव्हर टाकायला लावत राहिलास आणि फोनवर हसत राहिलास. तू फसवलंस मला.

बाबांना मी काहीच सांगितलेलं नाही. ते अजून म्हणतात, "पिंटूसारका पोरगा नाई." मी पीसी लावणं सोडलंय, तर त्यांना वाटतं मी रुसले. काल त्यांनी मोटरीचा फ्यूज काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

कार्ड परत नको. भाऊबीजेला ये. पण पाटावर बसण्याआधी बाबांसमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग की दोष मोटरीचा नव्हता. मी सांगितलं तर ते तुझीच बाजू घेतील. हे जमणार नसेल तर येऊ नकोस. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं मीही ओवाळीन.

मावशीला नमस्कार सांग. 'तुझी लाडकी' लिहायला हात धजत नाही.

प्राची