साळिंदराच्या काट्यानं लिहिलेलं नाव

१२ फेब्रुवारी १९५६, रविवार, दुपार

आये, अठरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. वही मी रोज लिहिते. वारा कुठून होता, भाजी काय केली, कुणाला काय बोलले आणि ते बोलायला नको होतं का, सगळं त्यात असतं. तुझ्याबद्दल लिहायला घेतलं की मात्र एका शब्दापाशी हात थांबतो. तुला वाचता येत नव्हतं, मग पत्र लिहायचं कुणाला, असं कारण मी पुष्कळ दिवस स्वतःला दिलं. ते खरं नाही हे मला ठाऊक होतं, आणि काल मामा येऊन गेल्यापासून ते पुढे करायचीही सोय राहिलेली नाही.

मी आता पिंपरीला असते. इथं माळावर औषधाचा नवा कारखाना झालाय. बुरशी वाढवतात आणि तिच्यातून औषध काढतात. शिळ्या भाकरीवर हिरवी बुरशी आली की तू ती ठेवून द्यायचीस, कुणाच्या पायाला कुऱ्हाड लागली की बांधायचीस. ते आठवून पहिल्या दिवशी मी एकटीच हसले होते. माझं काम लेबलांचं आहे. कुपीवर नाव सरळ चिकटलंय ना, अक्षर पुसट नाही ना, हे दिवसभर पाहायचं. बिननावाची एक कुपी निघाली तर अख्खी पेटी परत जाते. आपल्या वाडीची बाई असलं काम करते, हे तुला सांगायचं धाडस मला समोरासमोर झालं नसतं. इथं सगळे मला ज्या नावानं हाक मारतात, तेही शाळेच्या दाखल्यावरचं. उसन्या लुगड्यासारखं ते मी इतकी वर्षं जपून नेसते आहे.

चाकणला एस.टी. सोडली की ओढ्याच्या काठानं चालत राहायचं. दोन टेकड्या एकमेकींना खांदा लावून उभ्या आहेत, तिथं एक चीर आहे. इतकी अरुंद, की डोक्यावरचा भारा आडवा असला तर उभा करून न्यावा लागतो. पलीकडे उन्हाळ्यातसुद्धा धुकं असतं. धुक्यात आपली अकरा घरं, घरांपेक्षा कितीतरी मोठी राई, आणि राईच्या मधोमध तो दगड. त्याला शेंदूर नाही, वर छप्पर नाही. त्याला आपण देव म्हणत नसू, 'थोरला' म्हणत असू. त्याच्या अंगाला कान लावला की आत पाणी चालल्याचा आवाज येतो. कॉलेजात तर्कशास्त्र शिकल्यावर एका सुट्टीत मी मुद्दाम पुन्हा कान लावून पाहिला. पाणी चालतच होतं.

मूल जन्मलं की त्याला राईतलं एक झाड मिळायचं. तू झाडाच्या मुळाशी तोंड नेऊन त्याचं नाव सांगायचीस, आणि मग ते नाव कुणी उच्चारायचं नाही. माणसाला थोरली, मधला, ओढ्याकडची असंच म्हणायचं. माणूस जिवंत असेतो त्याचं झाड इतर झाडांसारखं पानं गाळतं, पालवतं. माणूस गेलं की झाड थांबतं. मग सगळ्यात जवळच्यानं उजाडताना झाडासमोर उभं राहून त्या नावानं हाक मारायची. एकदाच. दुसरी हाक चालत नाही. हाक पोचली की सगळी पानं एका दमात खाली येतात, माणूस सुटतं, आणि झाड पुढच्या लेकरासाठी मोकळं होतं. ओढ्याकडचा म्हातारा सुटला तेव्हा मी असेन सहा-सात वर्षांची. वारा अजिबात नव्हता. पानं पडत राहिली, पडत राहिली, आणि गुडघाभर ढिगात आम्ही पोरं लोळलो. तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "लोळा. म्हाताऱ्याला बरं वाटंल."

मग मी चाकणच्या शाळेतल्या बाईंकडे राहायला गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले तो दिवस मला पुन्हापुन्हा दिसतो. तू चुलीपुढे नाचणीची भाकरी थापते आहेस. मी कोळसा घेऊन भिंतीवर दोन अक्षरं काढते. थापायचा आवाज थांबतो.

"काय हाय ह्ये?"

"तुझं नाव लिवलंय. आये."

"आये ह्ये काय नाव हाय व्हय? ती हाक हाय." पिठाचे हात तसेच घेऊन तू उठतेस, कोपऱ्यातलं शेण उचलतेस आणि अक्षरांवरून फिरवतेस. "तोंडातलं वाऱ्यावर जातं, बाय. लिवलेलं कुटं जातंय? बसतं तितंच, पाय मोडल्यावानी."

मी रडले. तू तव्यावरच्या भाकरीचा करपलेला काठ मोडून माझ्या हातात दिलास, तो मला आवडायचा म्हणून. भिंतीवरचा तो शेणाचा पट्टा वाळल्यावर बाकीच्या सारवणापेक्षा वेगळाच दिसायचा. पुढच्या खेपेलाही तो तिथं होता. त्याच्याखाली अक्षरं आहेत हे आपल्या दोघींनाच ठाऊक.

आणि तरी पुण्याला कॉलेजात निघाले तेव्हा मला लेखणी तूच दिलीस. चिरेपर्यंत पोचवायला आली होतीस. कनवटीतून साळिंदराचा काटा काढलास, टोक तासून त्याला चीर पाडलेली. ती विद्या तू कुठं शिकलीस ते मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं. म्हणालीस, "शिकतीयास तर नीट शीक. समदं लिव. येक सोडून." मग माझं डोकं जवळ ओढून माझ्या कानात तुझं नाव सांगितलंस. वाडीतल्या साऱ्यांची नावं तुझ्यापाशी होती, ती तू पुढं मामीला दिलीस. तुझं मात्र तेवढ्याच एका कानात ठेवलंस. तुझ्या श्वासाला धुराचा वास होता.

पुण्याच्या वसतिगृहात त्याच संध्याकाळी मी शाईची गोळी पाण्यात विरघळवली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्या काट्यानं ते नाव लिहिलं. विसरेन, या भीतीनं. बारीक अक्षरात, खालच्या कोपऱ्यात. महिन्याभरानं सहज मनात घोळवायला गेले तर जिभेवर काही नव्हतं. वही उघडली. अक्षरं दिसत होती, ओठ त्यांच्या आकाराचे होत होते, आवाज येत नव्हता. त्यातलं प्रत्येक अक्षर सुटं, दुसऱ्या शब्दात, मला स्वच्छ म्हणता यायचं. मी त्याला घशाचा दोष म्हटलं, मग मनाचा म्हटलं. दोन्ही मतं वहीत आहेत.

तू गेल्याचं सांगायला मामा पुण्याला आला तेव्हा माझी बी.ए.ची परीक्षा नुकतीच झाली होती. आम्ही दोघं चालत आलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी तुझ्या झाडासमोर, त्या बेहड्यासमोर उभी आहे, पदराखाली ती वही. मामा मागे दहा पावलांवर. मी तोंड उघडते. पक्षी बोलतात, ओढा बोलतो. मी वही बाहेर काढून ते नाव वाचायचा प्रयत्न करते. पुन्हा करते. मग वळते.

"मारली हाक?" मामा विचारतो.

"मारली."

तो वर बघतो. "पानं?"

"पडतील."

तीच पानं अजून आहेत, आये. मी दर माघात जाऊन बघते. सगळी राई बोडकी होते, आणि मध्ये तुझा एक बेहडा हिरवागार. खालच्या फांदीवरच्या एका पानाला किडीनं पाडलेली तीन भोकं आहेत, अठरा वर्षं तीच तीन. वाडीतली माणसं म्हणतात, म्हातारी हट्टी, जाईना. तुझ्यासारख्या बाईला हट्टी म्हणतात, आणि मी गूळपाणी पिऊन ऐकून घेते.

काल पाळी सुटताना फाटकापाशी गडबड दिसली. पहारेकरी वही उघडून बसलेला आणि पुढे काठी टेकून मामा.

"नाव सांगा, बाबा. नावाशिवाय आत सोडता येत नाही."

"ठेवलंय."

"कुठं ठेवलंय?"

"झाडापाशी."

"मग घेऊन यायचं की राव येताना!" मागे उभी असलेली माणसं हसली. मला बघून पहारेकरी म्हणाला, "बाई, तुमचा पाहुणा का हा? मघापासून मलाच कोड्यात घालतोय."

मामा चिखलीपर्यंत चालत आला होता, पुढे कुणीतरी बैलगाडीत घेतलं. खोलीवर आल्यावर त्यानं चहा बशीत ओतून थंड होऊ दिला, प्यायला नाही. म्हणाला, "नात झालीया मला. तीन म्हयन्याची झाली. राईत येक बी झाड मोकळं न्हाई, नव्या रोपाला जागा बी न्हाई. पोर बिननावाची हाय, दूध घेईना, हातात धरली तर वजन लागत न्हाई. वाडीनं ठरिवलंय. मंगळवारी उजाडलं की तुझ्या आयेच्या बेहड्याला कुऱ्हाड लावायची आन् तितं नवं रोप."

"झाड तोडलं तर आयेचं काय?"

"मुळातलं नाव मुळासंगं जाईल. मग ती सुटली बी न्हाई आन् ऱ्हायली बी न्हाई."

मग तो जे म्हणाला ते मी आहे तसं लिहिते. "मी मागं हुतो का न्हाई त्या दिशी? तुजा गाल दिसत हुता मला. व्हट हलले. आवाज न्हाई आला."

"मामा, तुला ठाऊक होतं?"

"व्हय. म्हनलं शिकल्याली पोर हाय, आपनहून सांगंल. वाट बघितली." चहावर साय धरली होती. "आता वाट बघाया जागा न्हाई, बाय."

तो मुक्कामाला राहिला नाही.

आज सकाळी मला आमच्या कारखान्यातल्या खालाचं बोलणं आठवलं. ती बाटल्या धुण्याच्या खात्यात असते, मूळची खडकीकडची, माझ्याहून वयानं बरीच मोठी. मागे एकदा लेबलं वाकडी लागलेल्या बाटल्या तिच्याकडे परत आल्या होत्या. गरम पाण्याच्या हौदात त्या सोडत ती म्हणाली होती, "तुम्ही चिकटवा, बाई, मी सोडवते. कागदाला काय, पाणी दिसलं की तो ऐकतो." मग हसून म्हणाली, "आमच्यात पोर घाबरलं की मौलवीसाहेब बशीवर केशरानं लिहून देतात. बशी धुवायची, पाणी पाजायचं. लिहिलेलं पोटात गेलं म्हणजे आपलं झालं." तेव्हा मी तिला केशराचा भाव विचारला होता. असली मी.

मी वहीतून आजवर एकही पान फाडलेलं नाही. आज पहिलं फाडलं. मागच्या बाजूला वसतिगृहातल्या पहिल्या दिवसाची हकीकत होती, तीही गेली. काशाच्या वाटीत पाणी घेऊन पान त्यात ठेवलं आणि वाटी खिडकीत उन्हात ठेवली. बराच वेळ काही झालं नाही. मग कोपऱ्यातून निळा धूर निघावा तशी शाई निघाली, आणि तुझ्या नावाचं शेवटचं अक्षर आधी सुटलं. पहिलं फार वेळ धरून बसलं होतं. कागद कोरा झाल्यावर मी पाणी प्यायले. थोडं तुरट, आणि खाली धुराचा वास. तो शाईचा नव्हता, याची मी खात्री करून घेतली. दौत उघडून हुंगून पाहिली.

तेव्हापासून मी तोंड मिटून बसले आहे. शेजारीण मघा डोकावून गेली, "तोंड आलंय का हो बाई?" मी मान हलवली. नाव परत आलंय की नाही, मला ठाऊक नाही. जिभेच्या मुळाशी काहीतरी बसलंय, बोराच्या आठळीएवढं, पण उच्चारून बघता येत नाही. हाक एकदाच. मंगळवारी उजाडताना तोंड उघडेन तेव्हाच कळेल, मला आणि वाडीला एकदम. काही नाही निघालं, तर त्या पोरीला रोप मिळेल आणि तुला काहीच नाही. निघालं, तर पानं पडतील, आणि मग माघात जाऊन बघावं असं माझं तिथं काही उरणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. वरचं वाचून पाहिलं, तेव्हा एक ओळ खटकली. विसरेन या भीतीनं लिहिलं, असं मी म्हटलंय. पण लिहिलेलं कुठं जात नाही हे तू सांगितलं होतंस, आणि त्या संध्याकाळी शाई कालवताना मला ते चांगलं आठवत होतं.

उद्या: वही घरी ठेवून चाकणची पहिली एस.टी. धरणे.